पाणी किती फुटांवर?

सांगलीला कधी गेला आहात का? नसाल, तर एकदा जरूर जा. गणपतीचं दर्शन घ्या, भडंग बांधून घ्या, वर्षाची हळद घ्या. पण एवढं करून लगेच परतीच्या गाडीला लागू नका. देवळापासून जवळच कृष्णेवर आयर्विन पूल आहे. १९२९ सालचा, त्या वेळच्या व्हाइसरॉयचं नाव दिलेला. त्याच्या खांबावर फुटांचे आकडे रंगवले आहेत, ते पाहून या. उन्हाळ्यात त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. पण आषाढ-श्रावणात साऱ्या गावाचा जीव त्या आकड्यांत अडकलेला असतो.

त्या दिवसांत सांगलीत दोन बायका भेटल्या, की पहिला प्रश्न असतो, "पाणी किती आलं?" ४० फूट ही इशाऱ्याची पातळी, ४५ फूट धोक्याची. आणि दुसरा प्रश्न लगेच येतो, "चढतंय का उतरतंय?" खरी मेख या दुसऱ्या प्रश्नातच आहे. २००५ चा पूर तिथे कुणी विसरलेलं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर पाणी ५७ फुटांवर गेलं, आणि २०२१ च्या जुलैत त्यानं पुन्हा पन्नाशी ओलांडली. पण कोयनेतून सोडलेलं पाणी सांगलीला पोचायला वेळ लागतो. तेवढा वेळ हीच माणसांची कमाई!

माझी थोरली मावसबहीण नदीपासून फार लांब राहत नाही. आम्ही तिला अक्का म्हणतो. पाणी सूर्यवंशी प्लॉटात आधी शिरतं, दत्तनगरात कधी येतं, मग आपल्या गल्लीची पाळी कधी, हे सगळं तिला तोंडपाठ. आकडा चाळिशीकडे सरकला, की गहू-तांदूळ माळ्यावर, कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत, सासूबाईंची औषधं पर्समध्ये. कुणी सांगावं लागत नाही.

मागच्या डिसेंबरात मी तिच्याकडे गेले होते. संध्याकाळी दोघी पुलावर फिरायला गेलो. निम्म्या पुलावर अक्का कठडा धरून थांबली. मला वाटलं, नदी बघतेय. पाहते तर ओठ पांढरेफटक!

"काय होतंय गं अक्का?"

"काही नाही गं. धाप लागते अलीकडं. वय झालं की आता!"

वय सत्तेचाळीस. "कधीपासून होतंय?"

"गणपतीपासनं."

"यंदाच्या?"

"नाही. मागच्या."

म्हणजे सव्वा वर्ष! मला पुढं काही बोलवेना.

दुसऱ्या दिवशी हरिपूरला जायचं आधीच ठरलं होतं. तुम्हीही चुकवू नका. सांगलीपासून अगदी जवळ, वाटेत चिंचेची जुनी झाडं, आणि संगमेश्वराच्या देवळाशी कृष्णा-वारणेचा संगम. 'संगीत शारदा' लिहिणाऱ्या गोविंद बल्लाळ देवलांचं हे गाव. शिवाय इथली हळदीची पेवं प्रसिद्ध. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेली कोठी. तिथल्या घट्ट मातीमुळे हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. २००५ च्या पुरात त्यातली बरीच पेवं गेली. या पेवाचा एक नियम आहे. बंद पेव उघडलं, की लगेच कोणी आत उतरत नाही. आत वाईट हवा साठलेली असते. ती जाऊ द्यायची, मगच माणूस उतरवायचा. हळद कितीही तोलामोलाची असो, आधी जीव.

संगमाच्या पायऱ्यांवर बसल्यावर अक्का हळूहळू बोलती झाली. पाळी आठ-आठ, दहा-दहा दिवस चालते. अंगावरून फार जातं. जिना चढताना मध्ये थांबावं लागतं. रात्री झोप नाही. "परवा भाजीत मीठ जास्त झालं म्हणाल्या सासूबाई, आणि मला रडूच कोसळलं गं. मीठच तर जास्त झालं होतं!"

"दाजींना सांगितलंस?"

"त्यांना काय सांगायचं असलं?"

मी म्हटलं, "अक्का, नदी चाळिशीला आली की तू तांदूळ माळ्यावर टाकतेस. तुझं स्वतःचं पाणी किती फुटांवर आलंय, बघितलंस?" ती गप्प बसली. मग म्हणाली, "उद्या मिरजेला जाऊ."

मिरज दहा-एक किलोमीटरवर. १८९४ साली डॉ. वॉनलेस यांनी तिथं रुग्णालय सुरू केलं, तेव्हापासून लांबलांबहून, अगदी कर्नाटकातूनही, माणसं औषधपाण्याला मिरजेला येतात. अक्काचं रक्त तपासलं. हिमोग्लोबिन निघालं ६.८! बाईचं १२ च्या खाली गेलं की कमी समजतात. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ दिसली. कर्करोगाची नव्हे, साधी. पण तिच्यामुळेच रक्त जात होतं. डॉक्टर म्हणाले, "इतके दिवस हृदयानं जास्त काम करून भागवलं. आणखी किती भागवणार?"

रिपोर्ट मिळेपर्यंत आम्ही सतारमेकर गल्लीत जाऊन आलो होतो. मिरजेचे तंबोरे देशभर जातात. तिथं एक कारागीर तंबोऱ्याची जवारी लावत बसले होते. तारेखालचा दोरा जरासा सरकवला, की तोच बसका आवाज झंकारू लागायचा. मला वाटलं, मनाचंही असंच. विनाकारण चिडचिड, पहाटेच जाग, कशातच मन न लागणं हे काही 'स्वभाव बिघडणं' नव्हे. तार कुठंतरी उतरली आहे, एवढंच ते सांगत असतं.

मैत्रिणींनो, आपल्यात 'अंगावर काढणं' हे मोठं कौतुकाचं समजतात. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांत सत्तावन्न जणींना रक्तक्षय असल्याचं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळलं. त्यातल्या किती जणी "वय झालं" म्हणत असतील!

एखादे दिवशी डोकं दुखलं, कंबर धरली, तर घाबरू नका. पाणी एकदा पाहून भागत नाही. ते चढतंय का उतरतंय, हे बघायचं. कॅलेंडरवर दूधवाल्याचे खाडे मांडता ना? त्याच्याच शेजारी पाळीचे दिवस, धाप, न लागलेली झोप यांच्या खुणा करा. दोन-तीन महिन्यांत चित्र स्पष्ट होतं, आणि डॉक्टरांनाही ते फार उपयोगी पडतं.

काही इशाऱ्यांना मात्र वाट बघणं नाही. पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, स्तनात गाठ लागली (दुखत नसली तरी), खोकला दोन आठवड्यांवर गेला, तर डॉक्टरांकडे जा. छातीवर दडपण, घाम, जबड्यात किंवा पाठीत कळ, एकदम दम लागणं असं झालं, तर त्याच घटकेला निघा; स्वयंपाक तसाच राहू दे. उदासपणा दोन आठवडे हटला नाही, तर तेही दुखणंच समजा. जगणं नकोसं वाटलं, तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. सरकारच्या 'टेली मानस'चा १४४१६ हा फोन फुकट आहे, आणि तो रात्रीही लागतो.

अक्काला लोहाची औषधं दिली, मार्चमध्ये गाठीची शस्त्रक्रिया झाली. या जुलैत पाऊस लागला, तसा मी नेहमीप्रमाणे फोन केला. "अक्का, पाणी किती?"

"एकतीस फूट. उतरतंय," ती म्हणाली. मग जरा थांबून हसली, "आणि हिमोग्लोबिन अकरा. ते चढतंय!"