आधीचं खातं

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो.

धाकटा भाऊ गेमसाठी आईचा फोन सारखा पळवायचा. वैतागून तिने एका रात्री पॅटर्न बदलला आणि सकाळी तिलाच तो आठवेना. सात-आठ वेळा बोट फिरवून झालं. फोन म्हणाला, तीस सेकंद थांबा. मग म्हणाला, अजून थांबा. लग्नाचा ब्लाउज न्यायला आलेल्या बाई दारात उभ्या. मी झोपेतून उठून आलो आणि घरात 'मोबाइलमधलं सगळं कळणारा' तो मीच असल्यामुळे म्हणालो, "दे इकडे, दोन मिनिटांत करतो."

दोन मिनिटांतच केलं. पॉवरचं आणि आवाज वाढवायचं बटण एकत्र दाबून धरलं, काळ्या पडद्यावर इंग्रजी यादी आली, त्यातलं 'वाइप डेटा, फॅक्टरी रीसेट' निवडलं. फोन नव्यासारखा चालू झाला. भाषा विचारली, वायफाय विचारलं आणि मग एक पाटी लावून बसला: हा फोन रीसेट झालेला आहे, पुढे जाण्यासाठी यावर आधी असलेल्या गूगल खात्याने साइन इन करा. नाहीतर आधीचा पॅटर्न काढा.

पॅटर्न आठवत असता तर ही वेळ कशाला आली असती?

"आई, तुझा जीमेल आयडी काय आहे?"

"माझा कुठे आलाय जीमेल?" ती म्हणाली. "मी कधी मेल केलाय कुणाला?"

सहा वर्षं ती हा फोन वापरत होती. यूट्यूबवर बाह्यांच्या नव्या डिझाइन बघत होती, प्ले स्टोअरवरून अ‍ॅप घेत होती. हे सगळं कुठल्यातरी खात्यावरच चाललं होतं, पण ते खातं तिने उघडलंच नव्हतं. 2019 साली लोणी स्टेशनकडच्या एका दुकानातून फोन घेतला, तेव्हा काउंटरवरच्या मुलाने "काकू, चालू करून देतो" म्हणत दहा मिनिटांत सगळं भरून दिलं होतं. आयडी त्याने बनवला, पासवर्ड त्याने टाकला. आईने फक्त हातात फोन घेतला. लॉकडाउननंतर ते दुकान बंद झालं. आता तिथे मेडिकल आहे.

आई घरी शिवणकाम करते. आधी तिची मापांची वही होती. फोन आल्यावर वही मागे पडली. चिठ्ठीवर माप लिहायचं आणि फोटो काढून ठेवायचा. गळ्याचं डिझाइन गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार, अ‍ॅडव्हान्स किती दिला तेही तिथेच लिहिलेलं. नंबर सेव्ह करायची तिची स्वतःची पद्धत होती: 'गुलाबी गेट काकू', 'पेट्रोलपंप मॅडम', 'हळदीचे तीन ब्लाउज'. एप्रिल चालू होता, लग्नसराई भरात होती आणि मी हे सगळं दोन मिनिटांत पुसलं होतं.

सिम काढून जुन्या बटणांच्या फोनमध्ये टाकलं. दिवसभर तो वाजत राहिला. "ताई, माझा झाला का?" आणि आई दर वेळी ओशाळून विचारायची, "कोण बोलतंय?" पंधरा-पंधरा वर्षांच्या गिऱ्हाइकांना हा प्रश्न विचारताना तिचा चेहरा बघवत नव्हता.

या कुलपाचं नाव 'फॅक्टरी रीसेट प्रोटेक्शन'. फोनवर गूगल खातं असेल आणि स्क्रीनला पॅटर्न किंवा पिन असेल, की ते आपोआप लागू होतं. सेटिंगमध्ये जाऊन रीतसर रीसेट केलं तर फोन आधी पिन विचारतो आणि खातंही काढून टाकतो, त्यामुळे नंतर अडत नाही. पण बटणं दाबून बाहेरून रीसेट केलं तर फोन समजतो की आत शिरता न आलेल्या माणसाने हे केलंय. फोटो, नंबर, अ‍ॅप सगळं पुसलं जातं, पण मेमरीचा एक छोटा कोपरा या पुसण्यातून वगळलेला असतो. आधीच्या खात्याची खूण तिथे राहते. थोडक्यात, मी आईचं सगळं पुसलं, फक्त मला अडवणारी गोष्ट तेवढी शिल्लक राहिली.

हे कुलूप आलं ते फोनचोरीमुळे. 2012-13च्या सुमारास अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत फोन हिसकावण्याचे प्रकार इतके वाढले, की न्यूयॉर्कचे अ‍ॅटर्नी जनरल आणि सॅन फ्रान्सिस्कोचे सरकारी वकील यांनी मिळून कंपन्यांच्या मागे लकडा लावला: चोरलेला फोन चोराच्या काही कामाचाच राहू नये, असं करा. अ‍ॅपलने 2013च्या सप्टेंबरमध्ये आयओएस 7बरोबर अ‍ॅक्टिव्हेशन लॉक आणलं. मिनेसोटा आणि कॅलिफोर्नियाने कायदे केले, ते 1 जुलै 2015 पासून लागू झाले. त्याच वर्षी अँड्रॉइड 5.1 मध्ये हे कुलूप आलं. कल्पना चांगलीच आहे. ती माझ्याही उपयोगी पडली होती.

दोन वर्षांपूर्वी तुकोबांची पालखी लोणीला मुक्कामाला होती. पुण्याहून निघाल्यावर पालखीचा पुढचा मुक्काम आमच्याकडे असतो, मग यवत. त्या दिवशी सोलापूर रोडवर पाय ठेवायला जागा नसते. दर्शनाच्या रांगेत माझ्या खिशातून फोन गेला. पोलिसांत तक्रार दिली, संचार साथीच्या साइटवर आयएमईआय नंबर टाकून फोन ब्लॉक करायला लावला. ही सोय 2023च्या मे महिन्यात देशभर सुरू झाली आहे. फोन मिळाला नाही. पण त्या आठवड्यात मी एकाच गोष्टीवर समाधान मानत होतो: घेणाऱ्याला तो उघडता येणार नाही. रीसेट मारला तरी तो माझंच खातं मागेल.

आता तोच प्रश्न माझ्या हातातला फोन मला विचारत होता, आणि चोराइतकंच उत्तर माझ्याकडे होतं.

सरळ मार्ग सर्व्हिस सेंटरचा. मूळ बिल आणि ओळखपत्र नेलं, मालकी पटली, तर ते फोन उघडून देऊ शकतात. फोनचा खोका आईने कपाटात जपून ठेवला होता, त्यात घडी घातलेलं बिलही होतं. उघडून पाहिलं तर कोरं. थर्मल कागदावरची शाई केव्हाच उडून गेली होती. सहा वर्षं आम्ही एक पांढरा कागद जपत होतो.

मग दुसरा मार्ग. एका मोबाइल रिपेअरच्या दुकानात गेलो. त्याने फोन बघितला, मॉडेल विचारलं आणि म्हणाला, "बायपास करून देतो. पाचशे रुपये, संध्याकाळी या."

पाचशे रुपये काहीच नव्हते. मी फोन काउंटरवर ठेवलाही. मग लक्षात आलं, त्याने बिल विचारलं नाही, फोन कुणाचा आहे हेही विचारलं नाही. मी हा फोन पालखीच्या गर्दीत कुणाच्या खिशातून काढला असता, तरी त्याने हाच भाव सांगितला असता. माझाही फोन अशाच एखाद्या काउंटरवर पाचशे रुपयांत उघडला गेला असेल.

तरीही खरं सांगतो, मी फोन परत घेतला तो काही तत्त्वासाठी नाही. मी विचारलं, "यातले नंबर येतील ना परत?" तो हसला. "नंबर कुठले? फोन उघडेल. नवीन आयडी टाका, नवीन फोन समजा."

तिथे मला पहिल्यांदा नीट कळलं की इथे कुलपं दोन आहेत. एक फोनचं आणि एक खात्याचं. बायपास फोनचं तोडतो. पण आईचे नंबर, मापांचे फोटो, व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप यातलं काही फोनमध्ये उरलंच नव्हतं. जे काही वाचलं असेल ते खात्यात होतं. फोन उघडून खातं गमावलं, तर आईच्या हातात फक्त सहा वर्षं जुना डबा उरला असता.

म्हणजे आधी आयडी शोधायचा. आईने कधी कुणाला मेल केला नव्हता, हे तिचं म्हणणं. पण 2021 साली माझ्या अ‍ॅडमिशनच्या वेळी तिने गुणपत्रिकेचा फोटो मला पाठवला होता, तेव्हा तो व्हॉट्सअ‍ॅपवर न येता मेलवर आला होता. तिने शेअरमध्ये चुकीच्या चित्रावर बोट ठेवलं होतं. माझ्या इनबॉक्समध्ये खाली खाली जात रात्री अकरा वाजता तो सापडला. विषय रिकामा, मजकूर रिकामा, खाली फोटो. वर पाठवणाऱ्याचा आयडी: आईचं नाव, त्यापुढे 'स्वीट', त्यापुढे 143.

आईला 143चा अर्थ सांगितला. ती आधी लाजली, मग चिडली, मग पोट धरून हसली. "सहा वर्षं मी हे नाव लावून फिरतेय?"

आयडी मिळाला, पासवर्ड नव्हता. माझ्या फोनवरून रिकव्हरी सुरू केली. गूगलने विचारलं, या नंबरवर कोड पाठवू का? आणि नंबरचे शेवटचे दोन आकडे दाखवले. ते आमच्यापैकी कुणाचेच नव्हते. त्या मुलाने बहुधा दुकानातलंच एखादं सिम टाकलं होतं. आपल्याकडे बंद पडलेला नंबर 90 दिवसांनंतर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. म्हणजे इतकी वर्षं आईच्या खात्याची एक किल्ली कुणाच्यातरी खिशात होती, आणि त्यालाही ते माहीत नसेल. आईचं हसू थांबलं.

'दुसरा पर्याय वापरा' दाबलं. उत्तर आलं: तुमच्या टॅबलेटवर सूचना पाठवली आहे.

"आपला कुठला टॅबलेट?" मी विचारलं.

आईने क्षणभर विचार केला आणि कपाळावर हात मारला. लॉकडाउनमध्ये भावाच्या ऑनलाइन शाळेसाठी टॅब घेतला होता. तोही त्याच आयडीने चालू केलेला. शाळा सुरू झाल्यावर आईने तो उरुळी कांचनला मामाकडे दिला, त्याच्या मुलीसाठी. म्हणजे ती पोरगी इतकी वर्षं तिच्या आत्याच्या खात्यावर कार्टून बघत होती.

सकाळी मामीला फोन लावला. "वहिनी, टॅबवर काही विचारलं तर 'होय' दाबा."

पलीकडे शांतता. मग मामी म्हणाल्या, "ताई, रागावू नका. पण फोनवर कुणी सांगितलं म्हणून काही दाबायचं नाही, असं शाळेच्या ग्रुपवर आलंय. हल्ली आवाजसुद्धा खोटा काढतात म्हणे."

मला राग आला, पण मामींचं शंभर टक्के बरोबर होतं. आम्ही जे सांगत होतो, ते फसवणारा अगदी अशाच शब्दांत सांगतो. मी गाडी काढली, आईला मागे बसवलं. थेऊर फाटा, कुंजीरवाडी, सोरतापवाडीच्या नर्सऱ्या मागे टाकत उरुळीला पोचलो. मामींनी आधी आईला नीट बघून घेतलं, मग चहा टाकला आणि मग टॅब आणून दिला.

पुन्हा रिकव्हरी सुरू केली. माझ्या फोनवर दोन आकडी संख्या आली, टॅबवर तीन संख्या आल्या. त्यातली जुळणारी निवडायची होती. मामेबहिणीने ती दाबली. पुढच्या क्षणी माझ्या फोनवर नवा पासवर्ड विचारणारी रिकामी चौकट उघडली.

सवयीने मी टाइप करायला लागलो. भावाचं नाव, त्यापुढे वर्ष. आईने माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"मी टाकते."

ती खिडकीशी जाऊन बसली. एक एक अक्षर शोधत तिने पासवर्ड टाकला, खालच्या चौकटीत पुन्हा टाकला. पहिल्यांदा जुळला नाही, दुसऱ्यांदा जुळला. रिकव्हरीचा तो अनोळखी नंबर काढून स्वतःचा घातला. नंबर पाठ होता तिला. जन्मवर्षाच्या जागी त्या मुलाने 1990 टाकलेलं होतं. ते मात्र तिने राहू दिलं.

पासवर्ड बदलल्यावर तो सगळीकडे पोचायला चोवीस तास लागू शकतात, म्हणून घरी येऊन एक दिवस थांबलो. दुसऱ्या सकाळी कुलपाच्या पाटीवर आयडी टाकला, आईने पासवर्ड टाकला आणि फोन काही न विचारता आत गेला. थोड्या वेळाने नंबर येऊ लागले. गुलाबी गेट काकू. पेट्रोलपंप मॅडम. आई मोठ्याने नावं वाचत राहिली.

सगळं आलं नाही. खात्यातली 15 जीबी जागा दिवाळीतच भरली होती, त्यामुळे तेव्हापासून ना फोटोंचा बॅकअप झाला होता, ना व्हॉट्सअ‍ॅपचा. जागा भरल्याची सूचना येत असणार. आपल्यासाठी नसेल म्हणून ती बाजूला सारत आली होती. दिवाळीनंतरच्या बायकांना तिने एकेक करून फोन केला, मापाचा ब्लाउज मागवला, हिशेब त्यांच्याकडूनच विचारून घेतला. दोघींनी आठवत होता त्यापेक्षा जास्त अ‍ॅडव्हान्स सांगितला, असं तिला वाटतं. तिने तो मान्य केला. ते पैसे मी भरतो म्हणालो, तर म्हणाली, "तू फक्त दोन मिनिटांत काही करू नकोस."

वही पुन्हा सुरू झाली आहे. पहिल्या पानावर तिने आयडी लिहून ठेवलाय, 143सकट. पासवर्ड लिहिलेला नाही. मी एकदा विचारून पाहिला, अडीअडचणीला असावा म्हणून.

तिने सांगितला नाही.