खंडोबाच्या वाटेवर मोत्याचं ताट

दोस्तांनो, आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या पाहू. दोन महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू तुमच्या घरी आलं, तर पहिल्या दिवशी त्याला काय खायला द्याल?

"दूध-बिस्किट!" असं तुमच्यापैकी बरेच जण ओरडले असणार. सहावीत शिकणाऱ्या माझ्या भाचीनंही हेच उत्तर दिलं होतं. नुसतं दिलं नाही, तर तसं वागलीसुद्धा. सकाळी वाटीभर दूध, दुपारी वाटीभर दूध, संध्याकाळी दुधात कुस्करलेली बिस्किटं. मोत्यानं शेपटी हलवत सगळं चाटूनपुसून खाल्लं. दुसऱ्या दिवशी त्याला जुलाब सुरू झाले. तिसऱ्या दिवशी तो उठेचना. नाक कोरडं, डोळे खोल गेलेले. हाक मारली तरी फक्त कान हलायचा.

जनावरांच्या डॉक्टरांनी त्याला सलाईन लावलं. म्हणाले, "आज आणलंत म्हणून बरं. एवढ्याशा जिवाच्या अंगातलं पाणी बघता बघता संपतं." जंताचं औषध दिलं आणि बजावलं, "आठ दिवस मऊ भात आणि बिनमिठाचं, बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन. तेही थोडं थोडं, दिवसातून चार वेळा. मग या, पुढचं ठरवू."

पुढचं ठरवायचं होतं डॉक्टरांनी, पण घरात त्या आधीच सभा भरली! आजी म्हणाली, "आमच्या गावाकडची कुत्री भाकरीवर जगली." भाचीचा दादा म्हणाला, "कुत्रा म्हणजे मूळचा लांडगा. त्याला कच्चं मटणच हवं." बाबा म्हणाले, "पाकीट आणा, भांडण मिटवा." भाची मात्र गप्प होती. आपल्या हातून मोत्या जाता जाता वाचला, हे तिच्या मनातून जात नव्हतं.

मी म्हटलं, "चल माझ्याबरोबर. उद्या चंपाषष्ठी आहे. जेजुरी करू आणि पुढे सुप्याला जाऊ. तिथं माझ्या मित्राच्या शेतात धनगरांचा वाडा उतरलाय. ज्यांची रात्र कुत्र्यांच्या भरवशावर जाते, त्यांनाच विचारू कुत्र्याला काय घालायचं ते."

मोत्याला आजीच्या हवाली केलं आणि स्वारगेटहून लाल एस.टी. पकडली. हडपसर सोडलं की गाडी दिवे घाट चढू लागते. आषाढात ज्ञानेश्वर माउलींची पालखी याच घाटानं वर जाते. डाव्या-उजव्या खिडकीसाठी भांडू नका, पण खाली वडकीजवळचा मस्तानी तलाव दिसतो का, ते जरूर बघा. घाट चढला की हवा बदलते. सासवडच्या बाजारात अंजीर आणि सीताफळाच्या पाट्या लागलेल्या असतात. पुढं झाडं विरळ होत जातात, माळ पसरत जातो आणि मग लांबून जेजुरीचा गड दिसतो.

चंपाषष्ठीची जेजुरी पाहिली आहेत का? पायऱ्या पिवळ्या, दीपमाळा पिवळ्या, माणसंही पिवळी! हळदीचा भंडारा नुसता उधळलेला असतो. "येळकोट येळकोट, जय मल्हार"च्या गजरात आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू येत नाही. गडाच्या वाटेवर बाणाईचं देऊळ लागतं. ही बाणाई म्हणजे खंडोबाची धनगर घरातली राणी. म्हणून तर धनगरांना जेजुरी म्हणजे आपल्या जावयाचं गाव! आणि खंडोबाबरोबर कोण असतं? देवघरातला टाक नीट निरखून पाहा. घोड्यावर बसलेला देव आणि खाली त्याचा कुत्रा.

म्हणूनच चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि बाजरीचे रोडगे यांचा नैवेद्य झाला, की त्यातला घास कुत्र्याला घालायची पद्धत आहे. पायथ्याशी एक आजीबाई दोन कुत्र्यांपुढे रोडगा ठेवत होत्या. भाचीनं ते पाहिलं आणि लगेच रोडगा आणि भरीत असा प्रसाद पुडीत बांधला. "मामा, हा मोत्याला!"

"रोडगा ने," मी म्हटलं, "पण भरीत तू खा."

"का? देवाचा प्रसाद ना?"

"देवाचाच. पण भरतात कांद्याची पात आहे. कांदा आणि लसूण कुत्र्याला विषासारखे. कच्चे असोत, शिजवलेले असोत, नाहीतर वाटून घातलेले असोत. त्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आपल्याला काही होत नाही, म्हणून आपल्या लक्षातच येत नाही."

भाची म्हणाली, "म्हणजे उरलेली आमटी, भाजी काहीच द्यायची नाही?" मी विचारलं, "तुझ्या घरी बिनकांद्याची आमटी कधी होते?" ती हसली. मोत्या आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच हसली.

जेजुरीहून आम्ही मोरगावला आलो. अष्टविनायकांतल्या मयूरेश्वराला नमस्कार केला, देवळासमोरचा तो भलामोठा नंदी पाहिला. तिथून सुपे जवळच. हा सगळा कमी पावसाचा मुलूख. गवताळ माळ, मधूनच बाभळी. सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. चिंकारा हरणांसाठी १९९७ साली ते जाहीर झालं. याच माळांवर लांडगाही राहतो. म्हणजे बघा, एकाच माळावर लांडगा आहे, मेंढरं आहेत आणि त्यांची राखण करणारी कुत्रीही आहेत. आमच्या घरच्या भांडणाचा निकाल लागायला याहून चांगली जागा कोणती?

मित्राच्या शेतात बाजरी निघाली होती. मोकळ्या रानात मेंढरं बसवली होती. मेंढरांच्या लेंड्यांचं शेताला खत होतं आणि त्याच्या बदल्यात धनगरांना धान्य किंवा पैसे मिळतात. दिवाळी झाली की असे कितीतरी वाडे घोड्यांवर संसार लादून कोकणाकडे निघतात आणि पावसाळ्याच्या आत परततात. तीन दगडांची चूल पेटली होती. म्हातारी आजी भाकरी थापत होती. चार कुत्री अंतर ठेवून बसली होती. त्यांतल्या एकीच्या पोटाशी दोन पिल्लं होती. भाची तिकडे धावलीच.

"बाय, लांबनंच बघ," आजी ओरडली. "लेकुरवाळी हाय ती. चावंल."

भाचीनं मग थेट प्रश्न टाकला, "आजी, तुम्ही यांना काय घालता?"

"आमी खातो त्येच. बाजरीची भाकर. ताकात न्हायतर दुधात कुस्करून."

"आणि लांडगा खातो का भाकरी?"

म्हातारे आजोबा खो खो हसले. "लांडगा कशाला भाकर खाईल पोरी? त्येला माझं मेंढरू पायजे! परवाच कोकरू नेलं त्यानं. ही कुत्री नसती तर चार नेली असती. म्हणून मान्साच्या आदी कुत्र्याला भाकर. उपाशी कुत्रं राखण करत न्हाय."

दोस्तांनो, आजोबांनी हसत हसत जे सांगितलं, तेच स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली जगापुढं मांडलं. भाकरी, भात, बटाटा यांत असतो पिष्टमय पदार्थ, म्हणजे स्टार्च. तो पचवायला शरीर अमायलेज नावाचं पाचकद्रव्य तयार करतं. ते तयार करण्याची सूचना ज्या जनुकात असते, त्याच्या प्रती लांडग्यात दोन सापडल्या. आणि कुत्र्यात? चारपासून तीसपर्यंत! म्हणजे कुत्रा लांडग्याचाच वंशज खरा, पण हजारो वर्षं माणसाच्या चुलीशेजारी बसून त्याचं पोटसुद्धा माणसाळलं. दादाचा 'फक्त मटण' हा मुद्दा तिथंच अर्धा गळाला. उरलेला अर्धा असा, की नुसत्या मांसात कॅल्शियम फार कमी असतं. वाढत्या पिल्लाला रोज फक्त तेच घातलं तर त्याची हाडं ठिसूळ होतात. लांडगा नुसतं मांस खात नाही, शिकारीची कोवळी हाडं आणि आतले अवयवही खातो.

"मग आजीच बरोबर! भाकरीच द्यायची," भाची म्हणाली. "पण मग यांच्या पिल्लांना दूध चालतं आणि मोत्याला का नाही चाललं?"

हा प्रश्न म्हातारीनं ऐकला. "ही पिल्लं अजून आईला पित्यात. वरचं दूद घोटभर. तू वाटी वाटी पाजलंस, मग आतडं धरंल का?"

अगदी खरं! कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा प्रथिनं आणि स्निग्धांश दुपटीहून जास्त असतात, आणि दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, मात्र कमी. शिवाय अंगावरचं दूध सुटत जातं तशी ही साखर पचवायची ताकदही कमी होते. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते. झाले जुलाब! आणि बिस्किटं म्हणजे मैदा आणि साखर. पोट भरतं, पण हाडं आणि स्नायू वाढायला लागतं ते त्यांत नसतं.

निघताना भाचीनं पिल्लांकडे बघत विचारलं, "दोनच झाली का हिला?"

आजीचा हात परातीत थांबला. "पाच झाली व्हती. दोन ऱ्हायली." मग तिनं भाकरी तव्यावर टाकली. "दर बारीला असंच. जगत्याल ती जगत्याल."

परतीच्या एस.टी.त भाची बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मामा, त्या आजी किती माया करतात कुत्र्यांवर. तरी तीन गेली."

"हो. मायेच्या जोडीला जंताचं औषध लागतं, लस लागते, प्रथिनं लागतात. माळावर ते सगळं वेळेवर कुठून मिळणार? त्यांच्याकडून शिकायचं ते हे, की कुत्र्याला भाकरी पचते आणि त्याचा घास रोज वेळेवर द्यायचा. पण नुसत्या भाकरीवर पिल्लू नीट वाढत नाही, हेही तूच आज पाहिलंस."

दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. भाचीनं वहीच नेली होती. डॉक्टर म्हणाले, "दोन रस्ते आहेत. पाकिटातलं देणार असाल, तर त्यावर 'पिल्लांसाठी' आणि 'संपूर्ण आहार' असं लिहिलेलं आहे ना, ते बघून घ्या. घरचं देणार असाल, तर प्रमाण मी लिहून देतो, त्यात आपल्या मनानं फेरफार नको." आमच्याकडे आजीचा स्वयंपाकघरावर हक्क, म्हणून घरचं ठरलं. भात किंवा भाकरी, उकडलेलं अंडं किंवा चिकन, उकडलेला भोपळा किंवा गाजर, आणि डॉक्टरांनी मोजून दिलेली खनिजांची पूड. कॅल्शियमचं टॉनिक स्वतःच्या मनानं मुळीच नाही. ते जास्त झालं तरी हाडं बिघडतात, विशेषतः मोठ्या जातीच्या पिल्लांची. तुमच्या घरी मांस-अंडं चालत नसेल, तरी घाबरू नका. पण मग प्रमाण डॉक्टरांकडून आणखी काळजीपूर्वक ठरवून घ्या.

भाचीच्या वहीतलं पान तुमच्यासाठी इथं देतो. उतरवून घ्या आणि स्वयंपाकघरात लावा.

१. पिल्लू चार महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि पुढं दोन वेळा खायला द्यावं. ताजं पाणी कायम भरलेलं असावं.

२. खाणं बदलायचं असेल तर एकदम बदलू नये. जुन्यात थोडं थोडं नवं मिसळत सात दिवस घ्यावेत.

३. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं आणि मनुका कधीही देऊ नयेत. ज्यात झायलिटॉल असतं असं बिनसाखरेचं च्युइंगगमही नाही. चुकून खाल्लं, तर वाट न पाहता डॉक्टरांना फोन करावा.

४. शिजवलेली हाडं देऊ नयेत. ती टोकदार फुटतात आणि घशात किंवा आतड्यात रुततात.

५. बरगड्यांवरून हात फिरवावा. हाताला लागल्या पण डोळ्यांना दिसल्या नाहीत, तर वजन ठीक आहे असं समजावं.

६. पिल्लाला जुलाब-उलट्या झाल्या किंवा ते मलूल पडलं, तर "उद्या बघू" म्हणू नये.

सहावा मुद्दा भाचीनं लाल शाईनं लिहिलाय आणि त्याखाली दोन रेघा ओढल्यात. का, ते तुम्हाला सांगायला नकोच.

दर रविवारी ती वजनकाट्यावर आधी एकटी उभी राहते, मग मोत्याला उचलून घेऊन. दोन आकड्यांची वजाबाकी वहीत लिहिते. गणिताचा कंटाळा करणारी मुलगी ही वजाबाकी मात्र कधी चुकत नाही! हल्ली मोत्याला उचलणंच तिला जड जातं. ताट वाजलं की तो दारातून असा धावत येतो, की आजीला भिंत धरून उभं राहावं लागतं.

आणि हो, त्या चंपाषष्ठीचा रोडगा. तो मोत्याला मिळाला, पण डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आणि अगदी नखाएवढा! पुढच्या चंपाषष्ठीला तोही आमच्याबरोबर जेजुरीला येणार आहे. त्याच्या वाटणीचं भरीत कोणी खायचं, यावर मात्र घरात पुन्हा सभा भरली आहे.

तुमच्या घरच्या मोत्याच्या ताटात आज काय आहे? वाचून झालं की उठा आणि एकदा बघून या बरं!