त्यांचा देव निराळा म्हणजे कसा?

आम्ही बौद्ध आहोत. सृष्टीचा कोणी निर्माता आहे असे आम्ही मानत नाही. मग इस्लाममधील ईश्वराची कल्पना समजून घेण्याची उठाठेव कशाला, असे एखादा वाचक विचारील. उत्तर सरळ आहे. शेजारी काय मानतो हे ठाऊक नसले की माणूस ऐकीव गोष्टींवर विसंबतो, आणि त्या ऐकीव गोष्टींवरूनच दुसऱ्याचे बरेवाईट ठरवतो.

आमच्या वसाहतीत एका मुसलमान कुटुंबाला खोली भाड्याने देण्याचा प्रश्न निघाला होता. नवरा शिवणकाम करणारा, पदरी दोन मुले. बैठकीत एक गृहस्थ म्हणाले, "त्यांचा देव निराळा, आपले जमायचे नाही." जात विचारून खोली नाकारली जाण्याचा अनुभव आमच्या घराने घेतलेला आहे. आम्ही उठून विचारले, "निराळा म्हणजे कसा, ते सांगा." कोणालाच सांगता येईना. तेव्हा वाचनातून आणि कचेरीतल्या मुसलमान सहकाऱ्यांकडून जे कळले होते, ते आम्ही मांडले. पुष्कळ वादावादी झाली, पण कुटुंबाला खोली मिळाली. त्या वेळी जे बोललो, तेच येथे थोडक्यात देत आहोत.

'अल्लाह' हे एका जमातीच्या खास देवाचे नाव आहे, असा पुष्कळांचा समज असतो. वास्तविक तो ईश्वर या अर्थाचा अरबी शब्द आहे. अरबी बोलणारे ख्रिस्ती लोकही प्रार्थनेत हाच शब्द वापरतात. कुराणाच्या ११४ अध्यायांपैकी ११२ वा अध्याय अवघ्या चार आयतींचा आहे. ईश्वर एकच, स्वयंपूर्ण. बापलेकाचे नाते त्याला लागू नाही आणि त्याच्या बरोबरीला कोणी नाही, हा त्याचा आशय. या एकत्वाला तौहीद म्हणतात. ईश्वराच्या जोडीला दुसऱ्या कोणाला बसवणे म्हणजे शिर्क. ते सर्वांत मोठे पाप. म्हणून मशिदीत मूर्ती नाही, चित्र नाही. मक्केतील काबा ही नमाजाची दिशा आहे. पूजा त्या इमारतीची नसते. पैगंबरांचीही पूजा नाही. इ. स. ६३२ मध्ये ते वारले, तेव्हा पैगंबर गेले पण ईश्वर अमर आहे, अशी समजूत अबू बकर यांनी शोकाकुल लोकांना घातली.

असा निराकार ईश्वर कठोर असेल, असे वाटते. पण नववा अध्याय सोडला तर कुराणाचा प्रत्येक अध्याय रहमान आणि रहीम या नावांनी सुरू होतो. दोन्ही नावे दयेची आहेत.

या कल्पनेने माणसाला काय दिले, ते बिलालच्या कथेवरून कळते. बिलाल हा मक्केतील हबशी गुलाम. नवा धर्म सोड, म्हणून मालकाने त्याला तापलेल्या वाळूत निजवून छातीवर धोंडा ठेवला. तो 'अहद, अहद' म्हणजे 'एकच, एकच' म्हणत राहिला. अबू बकर यांनी त्याला विकत घेऊन मुक्त केले. पुढे हाच बिलाल इस्लामचा पहिला अजान देणारा झाला. देव एकच मानला, तर त्याच्यापुढे मालक आणि गुलाम एका रांगेत आले.

अर्थात तत्त्व आणि व्यवहार यांत अंतर पडतेच. भारतीय मुसलमानांतही अश्रफ, अजलाफ, अर्जल असे उच्चनीच भेद शिरले. बाबासाहेबांनी पाकिस्तानवरील ग्रंथात ते स्पष्ट नोंदवले आहेत. ही लाज एकट्या त्यांची नव्हे. समतेचा धम्म घेऊनही आपल्यातले किती जण सोयरीक जमवताना अजून पोटजात पाहतात?

वाचकहो, देव मानणे वा न मानणे हा ज्याच्या त्याच्या बुद्धीचा प्रश्न आहे. आमचा आग्रह एवढाच, की घरातल्या मुलांनी 'त्यांचा देव कोण' असे विचारले तर त्यांना गप्प बसवू नका. माहिती असेल ती खरी सांगा. नसेल तर मुलाचा हात धरून शेजाऱ्याच्या दारात जा आणि त्यालाच विचारा.