पायी पाहिलेली वाट

क्रॉस-कंट्रीचा मार्ग स्वाराला आदल्या दिवशी पायी फिरून पाहता येतो; घोड्याला तो दाखवायची परवानगी नसते. आम्ही चिखल पायाने चाचपतो, आपल्या वेळेला झाडाची सावली कुठे पडेल ते बघतो, दोन अडथळ्यांमधलं अंतर पावलांनी मोजतो. माझी चार पावलं म्हणजे दौडत्या घोड्याची साधारण एक ढांग. घोड्याला मात्र प्रत्येक अडथळा पहिल्यांदा दिसतो तो धावता धावताच. वरच्या पातळीवर हा वेग मिनिटाला 570 मीटर असतो. इव्हेंटिंगचं सगळं कसब मला या तफावतीत दिसतं.

घोडदळाच्या कसोटीतून घडलेला हा खेळ 1912 साली स्टॉकहोमला ऑलिम्पिकमध्ये आला. आधी ड्रेसाज, मग क्रॉस-कंट्री, शेवटी शो जम्पिंग, आणि तिन्हींसाठी घोडा एकच. ड्रेसाजमध्ये त्याने बोटाच्या इशाऱ्यावर चाल बदलायची. क्रॉस-कंट्रीत ओंडके, चर, पाणी. तिथे माझा अंदाज अर्ध्या ढांगेने चुकला, तर त्याने स्वतःच्या अकलेने पाय उचलायचे. आज्ञाधारकपणा शिकवताना ही अक्कल मारायची नाही, हे शिकायला मला सर्वांत जास्त काळ लागला. लगाम सतत खेचून ठेवला, की घोडा विचार करणंच सोडून देतो.

हात हलका ठेवायचा तर मांड पक्की हवी. 1995 साली इंग्लंडमधल्या बॅडमिंटन इथल्या स्पर्धेत न्यूझीलंडचे स्वार मार्क टॉड यांच्या एका रिकिबीचा पट्टा तुटला. उरलेला बराचसा मार्ग त्यांनी एकाच रिकिबीवर पार केला. धाडस म्हणून ही हकिकत सांगितली जाते. मला त्यात दिसते ती तोल लगामात न शोधणारी मांड.

ऑलिम्पिकच्या इव्हेंटिंगमध्ये भारताकडून इम्तियाज अनीस 2000 साली सिडनीला उतरले, त्यानंतर थेट टोकियोत फौआद मिर्झा. बंगळुरूच्या या स्वाराने जर्मनीत राहून तयारी केली. ‘सेन्यूर मेडिकॉट’वर 2018च्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवलं आणि त्याच घोड्यावर टोकियोत 23वा क्रमांक. तिथल्या क्रॉस-कंट्रीत त्यांना दंड पडला तो फक्त वेळेचा. घोडा एकाही अडथळ्यापाशी अडला नाही. घोडा एकदा अडला, की 20 गुण जातात; उशिराच्या प्रत्येक सेकंदाला 0.4. निकालात हे सगळं आकड्यांत मिटतं, पण न अडण्यामागे घोडा आणि स्वार दोघांची वर्षं असतात.

क्रॉस-कंट्रीच्या संध्याकाळी तबेल्यात खरं काम सुरू होतं. घोड्याचे पाय बर्फाने शेकायचे, नळ्यांवरून हात फिरवून कुठे ऊब लागते का ते पाहायचं. पहाटेपासून राबलेला मोतद्दार तेव्हाही सोबत असतो. शो जम्पिंगच्या आधी परीक्षक आणि पशुवैद्य घोड्याला दुडक्या चालीने पळवून पाहतात. तो लंगडला, तर आदल्या दिवसाची बिनचूक दौड वाया. शो जम्पिंगच्या दांड्या नुसत्या धक्क्यानेही पडतात, आणि प्रत्येक दांडीला 4 गुण. थकलेल्या घोड्याला तेव्हाही पाय जपून उचलावेसे वाटले पाहिजेत.

म्हणून शिकायला येणाऱ्या मुलामुलींना मी उडीची उंची नंतर शिकवते. आधी मार्ग पायी फिरायला लावते. घोड्याला जे दिसणार नाही, ते आधी पाहून ठेवणं ही आपली जबाबदारी. चाबकाने घोडा एखादा अडथळा ओलांडेल. पण त्याने पुढची दहा वर्षं अनोळखी अडथळ्याकडे कान टवकारून धावावं, यासाठी त्याला प्रत्येक वेळी अनुभव यायला हवा, की माझ्या पाठीवरच्या माणसाने मला जमेल तिथेच आणलं आहे.