बिलाखालची कोरी ओळ

अँटवर्पची होव्हेनियर्सस्ट्राट आणि न्यूयॉर्कचा सत्तेचाळिसावा रस्ता, दोन्हीकडे हिऱ्याचा सौदा ‘मझल’ या एकाच हिब्रू शब्दावर पक्का होतो. कितीतरी पालनपुरी जैन पेढ्यांची तेथे ये-जा आहे. जेवणाचे बिल मात्र या दोन गावांत दोन भाषा बोलते.

बेल्जियममध्ये सेवेचे मोल पदार्थाच्या किमतीतच धरलेले असते; वर ठेवलेले एक-दोन युरो केवळ खुशीचे. न्यूयॉर्कमध्ये बिलाखाली एक ओळ कोरी असते. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार टिप मिळणाऱ्या नोकराला मालकाने द्यावयाचे किमान वेतन १९९१ पासून ताशी २.१३ डॉलरच आहे. न्यूयॉर्क राज्याने ते बरेच वाढवले, तरी वाढप्याची मिळकत आजही त्या ओळीवर अवलंबून असते. पूर्वी १५ टक्के पुरेसे मानीत, आता २० ची अपेक्षा असते. काउंटरवर कॉफीचा पेला देतानाही यंत्राचा पडदा टक्केवारी पुढे करतो. तो खुशाल नाकारावा.

परंतु कांदा, लसूण, बटाटा नको म्हणून ज्याला तीनदा भटारखान्यात पाठवले, त्या वाढप्याची ओळ अँटवर्पच्या सवयीने कोरी राहिली, तर त्या खेपांचे दाम त्याला कोणीच देत नाही.