सायकलीचे माप

शहापूरच्या एका जुन्या घराच्या पडवीत भिंतीला टेकून एक काळी सायकल उभी असे. ती कोणी चालवीत नसे. तरीही दर रविवारी सकाळी तिची साखळी पुसली जाई, तिला तेलाचे चार थेंब मिळत आणि तिची पितळी घंटी एकदा वाजवून पाहिली जाई. हे काम आजोबांचे. मुरबाड तालुक्यात तीस वर्षे त्यांनी टपाल वाटले होते. काळू नदीच्या काठची गावे, डोंगराच्या पायथ्याच्या वाड्या, शेतात एकटीच उभी असलेली घरे, सर्वत्र ही सायकल त्यांच्याबरोबर गेली होती. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले, की मग मात्र आजोबाच तिला खांद्यावर घेऊन पलीकडे जात. निवृत्तीनंतर ते मुलाकडे शहापूरला राहावयास आले, तेव्हा टेम्पोत सर्वांआधी सायकल चढली. ''ही आता नातीची,'' ते म्हणाले. नात त्या वेळी पाळण्यात होती.

यंदा ती आठवीत गेली आणि शाळेने सायकल-सहलीचा बेत आखला. दोन शिक्षक व दहा मुले मार्गशीर्षात शहापूरहून निघणार होती. किन्हवली, सरळगाव, टोकावडे या वाटेने वैशाखरे गाठावयाचे, तेथे मुक्काम करावयाचा, दुसऱ्या दिवशी सायकली खाली ठेवून नाणेघाट पायी चढावयाचा आणि तिसऱ्या दिवशी परत यावयाचे. नियम एकच होता. ज्याचे सामान त्याने आपल्याच सायकलीवर न्यावयाचे.

मुलगी घरी आली ती धावतच. आजोबांनी सर्व ऐकून घेतले आणि काही न बोलता पडवीकडे पाहिले. तेरा वर्षे ज्या दिवसाची वाट पाहिली, तो दिवस आला होता. मुलीच्या डोळ्यांपुढे मात्र दुसरीच सायकल होती. बाजारातील दुकानाच्या दर्शनी भागात टांगलेली, तांबडीभडक, बारीक चाकांची.

दुसऱ्या दिवशी आजोबा आणि नात काळी सायकल हातात धरून त्या दुकानात गेली. दुकानदार काकांनी दोघांकडे पाहिले आणि मनातले ओळखले. ते म्हणाले, ''कोणती सायकल चांगली, हे मागून ठरेल. बसणार कोण, जायचे कोठे आणि न्यायचे काय, एवढे आधी सांगा.''

प्रथम पाळी काळ्या सायकलीची. मुलगी दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभी राहू लागली, तर टाचा जमिनीला लागेनात. ''सीट खाली घेऊ,'' आजोबा घाईने म्हणाले. सीट अगदी खालपर्यंत घेतली. पण काका शांतपणे म्हणाले, ''आजोबा, सीट खाली येते, दांडी खाली येत नाही. वाटेत अचानक थांबावे लागले, तर दोन्ही पावले जमिनीवर सपाट टेकली पाहिजेत आणि दांडी व शरीर यांत निदान चार बोटे अंतर राहिले पाहिजे.''

''माझा मुलगा हिच्यावरच शिकला,'' आजोबा म्हणाले.

''दांडीखालून पाय घालून, अर्धे पायडल मारीत ना? अंगणात ते चालते.''

मग काकांनी दाते मोजून दाखविले. काळ्या सायकलीच्या पुढच्या चक्राला ४४ दाते होते व मागच्याला १८. म्हणजे पायडलचा एक फेरा झाला, की मागचे चाक जवळजवळ अडीच फेरे फिरे. सपाट रस्त्यावर हा लाभच. परंतु चढावर ओझ्यासह तेच अडीच फेरे लहान पायांना झेपत नाहीत. आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी सीट पुन्हा पहिल्या उंचीवर आणली आणि सायकल भिंतीला टेकवून ठेवली.

आता तांबड्या सायकलीची पाळी. ती मुलीच्या उंचीला बरोबर बसली. मुलीचा चेहरा फुलला. काकांनी तिला टायरवरून बोट फिरवावयास सांगितले. टायर बोटभरच रुंद होता. ''ही शर्यतीची. पावसाळ्यानंतर रस्त्यावर उखडलेली खडी असते, खड्डे असतात. तेथे एवढासा टायर हवा धरून किती धक्के सोसणार? शिवाय हिला कॅरियर बसवायला कोठे भोके आहेत, ती दाखव पाहू.'' मुलीने पुष्कळ शोधले. भोके नव्हती.

काकांनी मग कोपऱ्यातून एक राखी रंगाची सायकल पुढे ओढली. तिला ना झळाळी होती, ना चित्रे. तिचा सांगाडा पोलादाचा होता. तो अॅल्युमिनियमपेक्षा जड खरा. पण दूरच्या गावी सांधा उकलला, तर जोडकाम करणारा माणूस तो सहज सांधू शकतो. टायर दोन इंच रुंद होते. पुढे तीन व मागे सात चक्रे होती, आणि त्यांतील सर्वांत हलक्या जोडीला पुढेही २८ व मागेही २८ दाते होते. पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचाही एकच फेरा. काकांनी सीटची उंची ठरविली. पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली, की पाय सरळ व्हावा; मग चवड्याने पायडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो व दुखत नाही.

मुलगी नाइलाजानेच तिच्यावर बसली आणि गल्लीचा चढ चढून गेली. परत आली तेव्हा ती धापा टाकीत नव्हती. रंगाविषयी तिने पुन्हा विचारले नाही.

त्या संध्याकाळी आजोबांनी तिला एक खरी हकिगत सांगितली. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलींवरून जगप्रवासाला निघाले. इराण, सिनाईचे वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन, ब्रह्मदेश असा सुमारे ७१,००० किलोमीटरांचा प्रवास करून १८ मार्च १९२८ रोजी त्यांतील तिघे मुंबईस परत आले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा ही त्यांची नावे. मुलीनेही वर्गात ऐकलेली गोष्ट सांगितली. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवून पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली; आपले सामान तिने आपणच वाहिले. त्या वेळी ती अवघी वीस वर्षांची होती. ''त्यांच्यापुढे आपले वैशाखरे ते काय!'' मुलगी म्हणाली.

''वाट लांब असो की जवळची,'' आजोबा म्हणाले, ''पंक्चर झाले, की त्या ठिकाणी आपण आणि आपली सायकल एवढेच असतो.''

पुढचा आठवडा शिकण्यात गेला. टायर काढणे, ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधणे, ती जागा घासून खरखरीत करणे, सोल्यूशन लावून ते सुकेपर्यंत थांबणे व मग ठिगळ दाबून बसविणे. मुलीचे पहिले ठिगळ निघून आले, कारण सोल्यूशन सुकण्याइतका धीर तिला नव्हता. दुसरे मात्र टिकले.

सामानाची गोष्ट निराळीच होती. मुलीने दोन पिशव्या भरल्या, त्यांचे वजन चौदा किलो झाले. आजोबांनी सर्व वस्तू पडवीत मांडल्या आणि प्रत्येक वस्तू उचलून विचारले, ''ही नसली तर काय अडेल?'' जोडीचे बूट, जाडजूड पुस्तक, आरसा आणि तीन डबे घरी राहिले. पंप, जादा ट्यूब, पाने, दिवा, पाणी आणि एक शाल बरोबर राहिली. आता वजन सात किलो भरले. तेही दोन्ही पिशव्यांत समसमान, जड वस्तू तळाशी. ''पहिल्या वर्षी मी टपालाची पिशवी हँडलला अडकवीत असे,'' आजोबांनी सांगितले. ''एकदा उतारावर हँडल फिरले आणि मी पत्रांसकट बांधावरून शेतात गेलो. तेव्हापासून ओझे मागे, खाली आणि दोन्ही अंगांना सारखे.''

पण ते ओझे ठेवावयाचे कशावर? नव्या सायकलीबरोबर मिळणारे कॅरियर पातळ पत्र्याचे होते. हाताने दाबले, की वाके. आजोबा बराच वेळ पडवीत बसून राहिले. मग त्यांनी पाना घेतला, काळ्या सायकलीचे लोखंडी कॅरियर सोडविले आणि नातीसह दुकान गाठले.

काकांनी ते लावून पाहिले. काळ्या सायकलीची चाके मोठी, राखीची लहान. कॅरियरचे पाय लांब पडत होते. काकांनी करवत हातात घेतली आणि ते थांबले. ''आजोबा, पाय कापावे लागतील. मग हे तुमच्या सायकलीला पुन्हा बसणार नाही.''

मुलगी आजोबांकडे पाहत राहिली. आजोबांनी कॅरियरवरून एकदा हात फिरविला. टपालाच्या दोरीने घासून त्याची एक कड गुळगुळीत झाली होती.

''कापा,'' ते म्हणाले.

ठरल्या दिवशी पहाटे डोक्यावर शिरस्त्राण घालून मुले निघाली. भाताची कापणी होऊन गेली होती. खळ्यांवर उडव्या उभ्या होत्या आणि मोकळ्या शेतांत वालाचे कोंब वर आले होते. किन्हवलीच्या पुढे एका मुलाची पिशवी सुटून चाकात अडकली, सरळगावच्या अलीकडे दुसऱ्याचा टायर बसला. मुलीने पिशवीतून पंप काढला, ठिगळ लावले आणि सोल्यूशन सुकेपर्यंत सर्वांना धीराने थांबविले.

दुसऱ्या दिवशी नाणेघाटाच्या माथ्यावर तिने दगडी रांजण पाहिला. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात, कोकणातील बंदरांचा माल याच वाटेने जुन्नरकडे जाई आणि त्यावरील जकात या रांजणात पडे असे मानतात, हे सरांनी सांगितले. माल बैलांच्या पाठीवर असे. दोन गोणी, दोन्ही अंगांना सारख्या. मुलगी हसली. तिला आपल्या पडवीतला ताणकाटा आठवला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती घरी पोहोचली. राखी सायकल धुळीने माखली होती. कॅरियर जागचे तसूभरही हलले नव्हते. आजोबांनी वाकून पाहिले, पण विचारले काहीच नाही.

पुढच्या रविवारी पडवीत दोन सायकली उभ्या होत्या. आजोबा नेहमीप्रमाणे तेलाचा डबा घेण्यास उठले, तो डबा जागेवर नव्हता. नात काळ्या सायकलीजवळ बसून तिच्या साखळीवर मोजून चार थेंब सोडीत होती.