अडीच मीटरच्या पलीकडे

जुन्या स्टँडर्ड लेन्सवर माझं मन बसलं ते पन्नाशी उलटल्यावर. तोवर हिंगोलीत लग्नं, साखरपुडे, शाळांचे ग्रुप फोटो आणि निवडणुकीच्या सभा यांतच कॅमेरे झिजवले. फिल्मच्या काळात कॅमेरा घेतला की सोबत ५० मिलिमीटरची लेन्स यायची. तिलाच आम्ही स्टँडर्ड म्हणायचो आणि तिच्यावरच धंदा उभा राहिला. पुढे डिजिटल आलं, झूम आल्या, मुलगा स्टुडिओ बघू लागला आणि सकाळचा वेळ मला मोकळा मिळू लागला. कयाधूचा काठ, नर्सी नामदेवचा रस्ता, कळमनुरीकडची हळदीची रानं, हे सगळं मी आयुष्यभर लग्नाच्या गाडीच्या खिडकीतून पाहिलं होतं. आता थांबून ते टिपावं असं वाटू लागलं.

त्यासाठी जुनी पन्नासची लेन्स घ्यायची हा विचार चांगलाच होता. आजही तो मला पटतो. तिचं अंग धातूचं असतं. फोकसची रिंग लांबवर आणि सावकाश फिरते. अंगावर अंतराचे आकडे कोरलेले असतात आणि कोणत्या अपर्चरला कुठपासून कुठपर्यंत शार्प येईल त्याच्या रेघाही असतात. आतली भिंगांची मांडणी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखी. पॉल रुडॉल्फ या जर्मन तंत्रज्ञाने १८९६ साली केलेल्या रचनेचाच हा वंश, त्यामुळे सरळ रेघ सरळच राहते. अपर्चर ८ वर आणलं की साधीसुधी लेन्ससुद्धा कडेपर्यंत चांगलं काम देते. निसर्गाचे फोटो बहुतेक ८ आणि ११ वरच निघतात. चार-पाच हजारांत इतकं मिळत असेल तर कुणीही घ्यावं.

मी निवडली हेलिओस ४४-२. सोव्हिएत बनावटीची, ५८ मिलिमीटर, अपर्चर २. जर्मनीच्या झाइस कंपनीच्या बायोटार लेन्सवरून घडवलेली, झेनिट कॅमेऱ्यांसोबत येणारी. इतक्या प्रचंड संख्येनं बनली की आजही स्वस्तात सापडते. तिचं नाव आहे ते माणसाच्या फोटोसाठी. पाठीमागची पानं-फुलं ती अशी फिरवते की चेहरा भोवऱ्याच्या मधोमध ठेवल्यासारखा दिसतो. मी तिचे फोटो पाहिले आणि भाळलो. निवड निसर्गासाठी चालली होती आणि पारखणारा डोळा लग्नाच्या फोटोग्राफरचा होता. माझी पहिली चूक ही, आणि पुढच्या सगळ्या तिच्यातूनच निघाल्या.

लेन्स आली तेव्हा संध्याकाळ झाली होती. माझी बॉडी निकॉन डी ५३००. हेलिओसला एम ४२ चे आटे, म्हणून मधे बसवायला एक पातळ धातूची रिंगही मागवली होती. नातीला खिडकीशी उभं केलं, दीड-दोन मीटरवरून फोटो घेतला. पापण्यांचे केस मोजता येत होते, मागचा पडदा विरघळून गेला होता. घरातले सगळे खूश. मी त्या एका खोलीतल्या परीक्षेवर लेन्स पास करून टाकली.

तेव्हा २०२२ चा पावसाळा संपत आला होता. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याजवळच्या माळावर लायगो-इंडिया हा प्रकल्प व्हायचा आहे, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. विश्वात दूर कुठं कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशात जे तरंग उठतात, ते मोजणारी ही वेधशाळा. काटकोनात पसरलेल्या दोन भुजा, प्रत्येक चार किलोमीटरची, टोकाला आरसे. केंद्र सरकारने २०१६ मध्ये तत्त्वतः मान्यता दिलेली होती. काम आज ना उद्या सुरू होणार हे उघड होतं. तो मोकळा माळ, गवत, मधूनच एखादी बाभूळ आणि पाठीमागे औंढ्याच्या टेकड्यांची ओळ, असा एक नीट फोटो आपल्या हातून निघावा, एवढीच इच्छा होती. नंतर कुणी विचारलं की इथं आधी काय होतं, तर दाखवता यावा असा.

उजाडायच्या आत पोचलो. पिशवी हलकी राहावी आणि मन एकाच लेन्सवर राहावं म्हणून किटची १८-५५ झूम मुद्दाम घरी ठेवली होती. ट्रायपॉड लावला, गवतावर दव होतं, टेकड्यांमागून उजेड वर येत होता. रिंग फिरवत इन्फिनिटीच्या खुणेवर नेली. ती तिथं टक्कन थांबली. व्ह्यूफाइंडरमध्ये टेकड्यांची कड मात्र धरेना. वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला. व्ह्यूफाइंडरचा नंबर जुळवायची चकती फिरवून पाहिली. मग वाटलं, धुई असेल. त्या दिवसांत तुरीवर पडतेच. अपर्चर ८ वरून ११, ११ वरून १६ केलं, म्हणजे खोली वाढेल आणि टेकड्या आत येतील. फोटो घेतला, स्क्रीनवर मोठा करून पाहिला. पायाजवळच्या कुसळीच्या टोकावर दवाचा थेंब लख्ख. टेकड्या मात्र पाण्यात भिजलेल्या कागदासारख्या फुगून पसरलेल्या.

शेळ्या घेऊन निघालेले एक आजोबा बराच वेळ माझ्याकडे पाहत उभे होते. त्यांनी विचारलं, "काय फोटू काढायलाव का?" मी म्हटलं, "काढायलोय बाबा, पण धुईमुळं टेकडी दिसंना." त्यांनी कपाळावर हात धरून तिकडं पाहिलं आणि म्हणाले, "धुई कुठंय? चांगली दिसायली की टेकडी."

दिसत होतीच. साध्या डोळ्यांना तिच्यावरची झाडं वेगवेगळी कळत होती.

घरी आल्यावर कागद-पेन्सिल घेऊन बसलो तेव्हा उलगडा झाला. प्रत्येक कॅमेऱ्यात लेन्स टेकते त्या कडेपासून सेन्सरपर्यंतचं अंतर ठरलेलं असतं. एम ४२ चं ४५.४६ मिलिमीटर, निकॉनचं ४६.५. म्हणजे निकॉनवर हेलिओस लावली की ती मुळातच एक मिलिमीटरहून जास्त पुढे राहते, आणि रिंगच्या जाडीने आणखी थोडी पुढे सरकते. एवढ्याने काय होतं? ५८ मिलिमीटरची लेन्स दीड मिलिमीटर पुढे सरकली तर तिचा सगळ्यात लांबचा फोकस सव्वादोन-अडीच मीटरवर येऊन थांबतो. त्या पलीकडचं जग तिच्यासाठी नाहीच. नात दीड-दोन मीटरवर उभी होती, म्हणून खोलीत काहीच कळलं नाही. अपर्चर १६ ला नेऊनही शार्प भाग तीन मीटरपर्यंतच जातो; टेकड्या कित्येक किलोमीटरवर. हीच लेन्स कॅननच्या ईएफ बॉडीवर लावली असती तर काहीच अडचण नव्हती, कारण तिथलं अंतर ४४ मिलिमीटर आहे. आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांत तर ते १६ ते २० मिलिमीटरच असतं; त्यांच्यावर बहुतेक कोणतीही जुनी लेन्स बसते आणि मधल्या रिंगलाही भरपूर जागा मिळते. दोष लेन्सचा नव्हता, निकॉनचाही नव्हता. ज्या दोन आकड्यांची वजाबाकी आधी करायची, ती मी नंतर केली.

इथपर्यंतचं नुकसान भरून येण्यासारखं होतं. किटची झूम घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी परत जाता आलं असतं. गवत तेच होतं, उजेड तोच होता, आणि ती साधी झूम ११ वर टेकड्या व्यवस्थित देते. मी गेलो नाही. मला आता माळापेक्षा ती लेन्स बरोबर ठरवायची होती. आत भिंग असलेली अडॅप्टर रिंग मिळते, तिनं इन्फिनिटी परत मिळते, असं कळलं. ती मागवली. ती यायला वेळ लागला. आली तर टेकड्या फोकसमध्ये येत होत्या खऱ्या, पण कडा ओघळलेल्या आणि रंग पांढुरके. पाचशे-सातशे रुपयांचं भिंग एका चांगल्या लेन्सच्या मागे लावल्यावर दुसरं काय होणार. तोवर गवत वाळून पिवळं पडलं होतं. म्हटलं, पुढच्या पावसाळ्यात.

एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने प्रकल्पाला सुमारे २६०० कोटींची अंतिम मंजुरी दिली, मे महिन्यात पायाभरणी झाली. आणि त्या वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. माळावर मागच्या वर्षीसारखं गवत आलं नाही. २०२२ च्या त्या सकाळचे माझ्याकडे जे फोटो आहेत त्यांत फक्त माझ्या पायाजवळची कुसळी आहे.

यातून शहाणा होऊन पुढची लेन्स निकॉनच्याच माउंटची घेतली, पण तिथं दुसरा मोह आडवा आला. नांदेडचा एक स्टुडिओ बंद होत होता, तिथं निक्कॉरची ५०, अपर्चर १.४ होती. १.४ हा आकडा आमच्या पिढीला फार मोठा. जेवढं उघडं तेवढी लेन्स श्रीमंत, असं आम्ही शिकलो. हेलिओसच्या दुपटीहून जास्त पैसे मोजले. ढगाळ दिवसांत तिनं सुरेख फोटो दिले. मग सिद्धेश्वर धरणावर सूर्य मावळताना कॅमेरा पाण्याकडे वळवला आणि सगळ्या फ्रेमवर दुधी पडदा आला. सावल्या राखाडी, पाण्यातली सोनेरी पट्टी फिकट. रात्री लेन्सच्या मागून टॉर्च मारली तेव्हा आत कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले. बुरशी. लेन्स वर्षानुवर्षं चामड्याच्या पाकिटात, बंद कपाटात होती. चामडं ओल धरून ठेवतं. कारागिराने उघडून साफ केली, पण बुरशीने भिंगावरचा लेप खाल्ला होता, तो परत येत नाही. टॉर्च माझ्या खिशात तेव्हाही होती. नांदेडच्या त्या दुकानात उभा असताना मी ती काढली नाही, कारण माझं सगळं लक्ष १.४ या आकड्यावर होतं. त्या लेन्सवर १.४ ला निसर्गाचा एकही फोटो मी काढलेला नाही.

जुन्या लेन्सचं पिवळेपणही पाहिलं आहे. वसमतच्या एका मित्राकडे सुपर-टाकुमार ५०, अपर्चर १.४ आहे. तिच्या काचेत थोरियम वापरलेलं, म्हणून काळानुसार भिंग चहासारखं पिवळं होतं. त्यानं ती बरेच दिवस गच्चीवर उन्हात ठेवली आणि पिवळेपणा बराच उतरला. हा दोष सुधारतो, बुरशीचा वण सुधारत नाही. घेताना हा फरक मोलाचा आहे.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात उशिरा आली. फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची, तिच्यावर ५० ही स्टँडर्ड. माझ्या बॉडीचा सेन्सर लहान, त्यावर ५० चं दृश्य ७५ सारखं आवळून येतं. इसापूर धरणाच्या पाण्यासमोर उभा राहिलो तेव्हा मावत काहीच नव्हतं.

आज माझ्याकडे निक्कॉर ५०, अपर्चर २ आहे. १९७७ नंतरच्या एआय माउंटची. १.४ आणि १.८ च्या सावलीत राहिल्यामुळे तिला फारसं कुणी विचारत नाही, म्हणून स्वस्त. सहा भिंगं, ५२ मिलिमीटरचा फिल्टर, आत स्वच्छ. माझ्या बॉडीवर तिच्यासोबत मीटर चालत नाही. एक फोटो घेतो, हिस्टोग्राम पाहतो, शटर बदलतो. टेकडी कुठं पळून जात नाही. लाइव्ह व्ह्यूमध्ये लांबचं झाड मोठं करून फोकस जुळवतो. रुंद दृश्य हवं असेल तर कॅमेरा उभा करून शेजारी-शेजारी फ्रेम घेतो आणि नंतर जोडतो. फोकसची रिंग हाताचीच असल्यामुळे मधेच काही बदलत नाही, सांधे नीट बसतात. कयाधूच्या पुराचा आणि हळदीच्या रानांचा असा एक-एक फोटो माझ्या मनासारखा निघाला आहे.

दुधाळ्याचा नाही निघाला. म्हणून एक विनंती. औंढा, दुधाळा, सिद्धेश्वर या भागात ज्यांनी २०२३ च्या आधी त्या माळाचे फोटो काढले असतील, मग ते मोबाइलवरचे असोत, सहलीचे असोत, मागे फक्त आडवी टेकडी दिसत असो, त्यांनी ते पुसू नयेत. जागा आणि तारीख लिहून ठेवावी आणि एक प्रत गावच्या शाळेत द्यावी. कोणत्या लेन्सने काढले आहेत, हे कुणीही विचारणार नाही.